दोन राजवाडे आणि एक व्ही. के.

जुन्या मराठी मासिकांचे अंक वेबवर चढवायचे काम मी करते. अंक स्कॅन होतो, ओसीआरमधून त्याचा मजकूर निघतो, मुद्रितशोधन होते आणि मग टॅग लावायला तो माझ्याकडे येतो. मथळा कोणता, तळटीप कोणती, कविता कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे टॅगांनी सांगायचे. मजकुरात माणसाचे नाव आले की ते नाव आहे आणि कोणाचे आहे, हेही सांगायचे. मथळे आणि तळटीपा एका बैठकीत उरकतात, नावे उरकत नाहीत. कारण गेल्या शतकातला मराठी लेखक पूर्ण नावाने क्वचितच भेटतो. तो पु. ल., वि. स., ना. सी., चिं. वि., द. मा. असाच येतो. बायकांचे तसे नाही. काशीबाई, गिरिजाबाई, आनंदीबाई अशी पूर्ण नावे छापलेली असतात. आद्याक्षरांची परंपरा मुख्यतः पुरुषांची, आणि अनुक्रमणिकेचे बहुतेक पान त्यांनीच भरलेले.

सुरुवातीला आमच्या तंत्रज्ञाचे म्हणणे होते की हे काम प्रोग्रॅम करील. अक्षर, टिंब, अक्षर, टिंब आणि मग एक शब्द दिसला की ते नाव धरायचे. मी त्याला एक अनुक्रमणिका दिली. तिच्यात 'ह. भ. प. ल. रा. पांगारकर' असे होते. पाच अक्षरे, पाच टिंबे. मराठी वाचक इथे अडखळत नाही. पहिली तीन अक्षरे म्हणजे पदवी, पुढची दोन म्हणजे लक्ष्मण रामचंद्र, हे त्याला न सांगता कळते. प्रोग्रॅमला पाचही अक्षरे सारखीच.

"मग पदव्यांची यादी करून टाकू ना, ताई," तो म्हणाला.

"यादीत 'श्री.' घालशील?"

"घालणारच."

"आणि नामदाराचे 'ना.'?"

"तेही."

मग मी त्याला 'श्री. ना. पेंडसे' दाखवले. श्रीपाद नारायण पेंडश्यांचे श्रीपादही गेले आणि नारायणही गेले, नुसते आडनाव उरले. 'म. म. दत्तो वामन पोतदार' यातले म. म. म्हणजे महामहोपाध्याय, आणि 'म. म. देशपांडे' हे कवीचे नाव. अक्षरे तीच, टिंबे तीच. यादीने हा गुंता सुटत नाही. पुढे कोण उभे आहे ते पाहावे लागते, म्हणजेच माणूस ओळखावा लागतो. तेव्हापासून प्रोग्रॅम फक्त जागा दाखवतो आणि निर्णय आम्ही घेतो.

आता टॅग कोणता, हा प्रश्न. वेबपाने ज्या भाषेत बांधतात त्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ साली, संक्षेपांसाठी दोन टॅग आले, 'अ‍ॅब्र' आणि 'अ‍ॅक्रोनिम'. कोणता कुठे वापरायचा यावर बरीच वर्षे काथ्याकूट झाला आणि शेवटी एचटीएमएल ५ मध्ये 'अ‍ॅक्रोनिम' बाद झाला. 'अ‍ॅब्र'ला 'टायटल' जोडून त्यात संक्षेपाची उकल लिहिता येते. याचा नियम कडक आहे. 'टायटल' दिले तर त्यात उकलच हवी, दुसरे काहीही नको. जन्मसाल नको, 'प्रसिद्ध विनोदी लेखक' नको, आपली शंकाही नको. मात्र 'टायटल' सक्तीचे नाही. हा संक्षेप आहे एवढे सांगून उकल न देण्याची मुभा आहे. माझ्या कामात या मुभेला फार मोल आहे, ते का हे पुढे सांगते.

नुसत्या 'अ‍ॅब्र'वर मात्र भागत नाही. 'पु.' म्हणजे पुरुषोत्तम हे त्यातून कळते, पण हे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे कोण ते कळत नाही. आणि मासिकांच्या पानांत 'व. पु. काळे' येतात तेव्हा तिथलाही 'पु.' पुरुषोत्तमच असतो, पण तो वसंतरावांच्या वडिलांचा. म्हणून मूळ मजकूर आम्ही टीईआय पद्धतीने ठेवतो. जुने ग्रंथ आणि हस्तलिखिते यांच्यासाठी अभ्यासकांनी ती घडवली आहे. तिच्यात व्यक्तिनामाचा टॅग आहे, त्याच्या पोटात स्वतःच्या नावाचा आणि आडनावाचा असे वेगळे टॅग आहेत, आणि 'हे फक्त आद्याक्षर आहे' असे सांगणारी खूणही आहे. प्रत्येक नाव एका व्यक्तिनोंदीला जोडता येते. पानावर छापलेले रूप जसेच्या तसे राहते आणि नोंदीत पूर्ण नाव, इतर रूपे, टोपणनावे बसतात. वाचकाने 'पु.ल.' असे चिकटवून लिहिले, 'पु. ल.' असे सोडून लिहिले, 'पुलं' लिहिले किंवा पूर्ण पुरुषोत्तम लिहिले, तरी त्याला तोच माणूस मिळावा यासाठी हा सारा खटाटोप. ग्रंथपालांना ही गरज फार आधी कळली होती. त्यांच्या 'मार्क' या सूचीपद्धतीच्या नोंदीत व्यक्तिनामाच्या पूर्ण रूपासाठी स्वतंत्र उपक्षेत्रच राखून ठेवलेले आहे.

आमच्या आद्याक्षरांची एक खुबी मला हे काम करतानाच नीट कळली. इंग्रजीत नावाचा पहिला वर्ण घेतात, आपण पहिले अक्षर घेतो आणि तेही काना, मात्रा, अनुस्वार यांसकट. गणेश, गंगाधर, गोविंद, गुरुनाथ हे चौघे इंग्रजीत 'जी.' या एकाच दारातून आत जातात. मराठीत ते ग., गं., गो., गु. असे वेगवेगळे राहतात. आमचे आद्याक्षर जास्त बोलते. नामदेव धोंडो महानोरांच्या 'धों.'वरून वडिलांच्या नावाचा अंदाज कोणीही मराठी माणूस करील, नुसत्या 'डी.'वरून तो करता येणार नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राजवाडे बंधू. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे सर्वांना ठाऊक आहेत. विश्वनाथ काशिनाथ, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढणारे, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे करणारे. त्यांचे थोरले बंधू वै. का. राजवाडे, म्हणजे वैजनाथ काशिनाथ, संस्कृतचे पंडित, यास्काच्या निरुक्तावर आयुष्य घालवलेले. मराठीत वि. का. आणि वै. का. यांची गल्लत व्हायचे कारण नाही. रोमन लिपीत गेले की दोघेही 'व्ही. के. राजवाडे'. एका जुन्या त्रैमासिकातल्या लेखाला रोमन लिपीतली संदर्भसूची होती आणि तिच्यात हे 'व्ही. के.' दोनदा आले होते. एका ठिकाणी पुस्तक निरुक्ताचे होते, तेव्हा प्रश्न नव्हता. भांडारकर संस्थेने १९४० साली काढलेली ती आवृत्ती वैजनाथरावांची. दुसऱ्या ठिकाणी नुसते 'व्ही. के. राजवाडे यांचे मत' आणि मत व्याकरणाविषयीचे. आता इतिहासाचार्यांनीही व्याकरणावर लिहिलेले आहे, ज्ञानेश्वरीच्या भाषेवर लिहिलेले आहे. विषयावरून माणूस ठरवावा तर दोघांचाही हक्क सारखाच. लेखातला युक्तिवाद शब्दाशब्दाने वाचावा लागला, दोघांची पुस्तके समोर ठेवावी लागली, तेव्हा कुठे त्या एका नावाला नोंद जोडता आली. एवढ्याशा टॅगसाठी एवढे कशाला, असे मला कोणी विचारले तर उत्तर सरळ आहे. तो टॅग चुकीच्या भावाला जोडला, तर पुढे त्या दुव्यावर विसंबणारा प्रत्येक जण एका भावाचे विचार दुसऱ्याच्या खात्यावर मांडणार.

आद्याक्षर जास्त बोलते खरे, पण त्याचे बोलणे एका टिंबावर तोललेले असते. ओसीआरला अनुस्वार दिसला नाही तर गं. बा. सरदार हे ग. बा. होतात, म्हणजे गंगाधरपंत एकदम गणेश किंवा गजानन वाटू लागतात. 'चिं. त्र्यं. खानोलकर' यातला पहिला अनुस्वार पुसट छपाईत हरवला की 'चि.' उरतो आणि चिंतामणाचा चिरंजीव होतो. आणि तो 'त्र्यं.' पाहा. डोळ्यांना एक अक्षर, पण युनिकोडमध्ये त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार अशी सहा चिन्हे. 'नावाचे पहिले अक्षर घे' असे प्रोग्रॅमला सांगितले आणि अक्षर म्हणजे काय ते सांगितले नाही, तर तो त्र्यंबकाचा नुसता 'त' उचलतो, श्रीपादाचा 'श' आणि ज्ञानेश्वराचा 'ज'. यासाठी अक्षरपुंजाचा हिशेब करणारी सोय वापरावी लागते. ती आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

ओळ कुठे तुटते हीसुद्धा अशीच बाब. फोनच्या अरुंद पडद्यावर 'वि.' वरच्या ओळीत राहतो आणि खालची ओळ 'का. राजवाडे' अशी सुरू होते. वाचणाऱ्याला तो 'का' प्रश्नासारखा ऐकू येतो. 'ना. धों.' तुटले की 'ना' नकारासारखा. म्हणून आद्याक्षरांच्या मधे साधी मोकळी जागा न ठेवता न तुटणारी जागा घालायची, म्हणजे नाव एकत्र खाली येते. काम चिमुकले, पण पानोपानी करावे लागते.

आद्याक्षरांसारखी दिसणारी पण आद्याक्षरे नसलेली नावे हा वेगळाच प्रकार. छापील मजकुरात 'विं. दा. करंदीकर' असे टिंबे देऊन लिहिलेले खूप ठिकाणी सापडते. त्यांचे नाव गोविंद विनायक, म्हणजे आद्याक्षरे गो. वि. व्हायची. विंदा हे गोविंदातून निघालेले त्यांचे लेखननाव आहे, तिथे टिंबांचे काही काम नाही. तरी छापलेली टिंबे आम्ही काढत नाही. त्या काळी त्या मासिकाने तसे छापले, हीही नोंद आहे. फक्त त्याला आद्याक्षराची खूण लावायची नाही आणि उकल शोधत बसायचे नाही. उलट बाजूला जी. ए. कुलकर्णी. गुरुनाथ आबाजी, मराठी रीतीने गु. आ., पण त्यांना तसे कोणी म्हटले नाही. ते इंग्रजी अक्षरांनीच मराठीत नांदले. एस. एम. जोशी तसेच, एन. डी. पाटील तसेच. इथे 'जी.'ची उकल गुरुनाथ अशी देताना, हे इंग्रजी वर्णाचे मराठी लेखन आहे असे वेगळे सांगावे लागते, नाहीतर 'जी'ने सुरू होणाऱ्या नावांचा शोध सुरू होतो.

शिवाय शेवटचा शब्द आडनाव, मधले अक्षर वडिलांचे, हा आपला घरचा हिशेब सगळीकडे चालत नाही. व्ही. शांताराम यांचा 'व्ही.' वणकुद्रे या आडनावाचा. आर. के. नारायण यांच्यातला 'आर.' राशिपुरम गावाचा. एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा 'एम.' मदुराईचा आणि 'एस.' आईचा, षण्मुखवडिवु यांचा. सिनेमावरचा, संगीतावरचा, अनुवादित कथांचा विशेषांक हातात आला की हे सारे टॅगांत उतरवावे लागते. आपल्याकडेही नाव जन्मापासून एकच असते असे नाही. खांडेकर जन्मले ते गणेश आत्माराम, दत्तक गेल्यावर विष्णु सखाराम झाले. शिरवाडकर जन्मले ते गजानन रंगनाथ, दत्तकविधानानंतर विष्णु वामन. दोघांनाही ज्ञानपीठ मिळाले आणि दोघांचाही 'वि.' दत्तक घराने दिलेला. दत्तकापूर्वीच्या कुठल्या कागदावर ही माणसे शोधायची तर वि. स. आणि वि. वा. उपयोगी पडणार नाहीत, व्यक्तिनोंदीत ते जुने नाव असावेच लागते.

आणि मग आपल्या विभक्ती. आद्याक्षरे एकत्र येऊन त्यांचे नाव होते, नावाला प्रत्यय लागतात आणि टॅग कुठे बंद करायचा याचा पेच पडतो. 'गदिमांनी' हा शब्द घ्या. नाव 'गदिमा', प्रत्यय 'नी', आणि मधला अनुस्वार आदरार्थी सामान्यरूपाचा. व्याकरणाने पाहिले तर नावाचा टॅग 'मा'वर संपायला हवा. तिथे संपवला की अनुस्वार टॅगच्या बाहेर, प्रत्ययाच्या डोक्यावर निराधार उभा राहतो आणि काही ब्राउझर त्याच्याखाली तुटक रेषेचे रिकामे वर्तुळ काढून दाखवतात. शेवटी आम्ही असे ठरवले की अक्षर फोडायचे नाही. टॅग 'गदिमां'वर बंद होतो, 'नी' बाहेर राहतो आणि टायटलमध्ये गजानन दिगंबर माडगूळकर असे मूळ रूपच जाते. एखादा वैयाकरण याला नाक मुरडील, पण पान वाचताना शब्द मोडलेला दिसू नये हे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

हे सारे करून उकल वाचकापर्यंत पोचते का? 'टायटल'मधला मजकूर माऊस वर नेला की दिसतो. फोनवर माऊस नाही, आणि आमचे बहुतेक वाचक फोनवरच वाचतात. स्क्रीन रीडरसुद्धा तो मजकूर बहुधा आपणहून वाचत नाहीत. आमचे एक दृष्टिहीन सहकारी पाने तपासतात. त्यांनी एकदा मला शेजारी बसवून एक परीक्षण ऐकवले. आवाज टिंबापाशी वाक्य संपल्यासारखा थांबायचा. 'पु', थांबा. 'ल', थांबा. मग 'देशपांडे'. लेखात नावे इतकी की दर ओळीत ठेच लागत होती. "मला ओळखीची नावं आहेत म्हणून मी जोडून घेतो," ते म्हणाले, "शाळेतल्या पोराला हे कळायचं नाही." त्यानंतर आम्ही लेखात नाव पहिल्यांदा येते तिथेच व्यक्तिनोंदीचा दुवा दिसेल असा ठेवला आणि लेखाखाली 'या लेखातील व्यक्ती' म्हणून पूर्ण नावे छापू लागलो. मूळ पानात ढवळाढवळ नाही आणि ऐकणाऱ्याला पूर्ण नाव मिळते. पानाला भाषा मराठी असल्याची खूण नसेल तर मराठी आवाज लागण्याची खात्रीच नाही, तेव्हा तीही न चुकता द्यावी लागते.

ज्यांचे आडनावही छापलेले नाही, नुसती अक्षरे आहेत, ती माणसे सर्वांत अवघड. 'श्री. के. क्षी.' एवढेच लिहिले तरी क्षीरसागर कळतात, कारण त्यांचे नाव मोठे. पण जुन्या मासिकांच्या शेवटच्या पानांवर, 'साभार पोच'च्या आसपास, दहा-पंधरा ओळींची परीक्षणे असत आणि त्यांच्या खाली उजवीकडे दोन अक्षरे. अशाच एका मासिकात 'स. ब.' भेटले. परीक्षणे छोटी पण नेटकी. एका कवितासंग्रहाबद्दल लिहिताना त्यांनी कवीच्या वृत्तदोषांचा पाढा न वाचता त्याची एकच चांगली कविता निवडून ती का चांगली ते सांगितले होते. असे लिहिणारा माणूस दोन अक्षरांपुरता उरावा याची मला हळहळ वाटते. तरीही त्यांना आम्ही 'अ‍ॅब्र' लावला आणि टायटल दिले नाही.

काही काळाने सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला. पान त्यांच्या पाहण्यात आले होते.

"अहो मॅडम, ती आमच्या आजोबांची अक्षरं. आई नेहमी सांगायची, आजोबा त्या मासिकात लिहायचे म्हणून."

"काका, एखादं पत्र, मनीऑर्डरची पावती, वही, काही आहे का घरी?"

"कागद कुठला राहतोय! २०१९ च्या पुरात खालचा मजला पूर्ण गेला. ट्रंकच गेली."

आजोबांचे नाव अक्षरांशी जुळत होते, गाव जुळत होते, वयही जुळत होते. पण त्या दोन अक्षरांत बसणारी माणसे महाराष्ट्रात किती असतील! टीईआयमध्ये अशा वेळी खात्री कमी, मध्यम की जास्त हे नोंदवायची सोय आहे, आणि ही ओळख कोणी पटवली तेही लिहिता येते. मी नोंद केली, खात्री कमी, आधार कुटुंबीयांची आठवण. व्यक्तिनोंदीत तसे स्पष्ट वाक्य घातले. टायटल मात्र कोरेच ठेवले, कारण तिथे 'बहुधा' लिहायला जागा नाही. तिथे लिहिले की ते ठरले.

काकांना हे रुचले नाही. आम्ही काय खोटे सांगतो का, असे त्यांनी विचारले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारले असते. मी त्यांना एवढेच म्हटले की उद्या दुसऱ्या कोणाचे नातू असाच फोन करतील, तेव्हा त्यांनाही मला हेच उत्तर देता आले पाहिजे. त्यावर ते थोडे निवळले. मासिके वर्षाअखेरीस वार्षिक सूची छापत आणि तिच्यात कधीकधी लेखकांची पूर्ण नावे असत, हे मी त्यांना सांगितले. त्या वर्षाची सूची आमच्या संचात नाही. बांधणी करताना अशी सुटी पाने बऱ्याचदा काढून टाकलेली असतात. दुसऱ्या एका ग्रंथसंग्रहालयात त्या मासिकाचे न बांधलेले अंक आहेत असे कळले, तिथे पत्र पाठवले आहे. काका अधूनमधून चौकशी करतात. आमच्या संकेतस्थळावरचे 'स. ब.' असलेले सगळे अंक त्यांनी स्वतः वाचून काढले आहेत आणि त्यातले कवितेवरचे ते परीक्षण त्यांनाही आवडले. मागच्या फोनवर ते म्हणाले, "सूची मिळाली की सांगा. दुसरंच कोणी निघालं तरी सांगा. त्यांच्या घरच्यांना मीच फोन करीन."